सोमवारची भेट

जिल्हा कचेरीच्या इतिहासाचं प्रदर्शन भरणार होतं, म्हणून देगलूरच्या ब्याऐंशी वर्षांच्या शिवकन्याबाईंनी घरातलं जुनं उर्दू पत्र आणलं. निजामाविरुद्ध लढताना पकडलेल्या नवऱ्याला भेटू द्या, असा अर्ज त्यांच्या आईनं तालुकदाराला, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरला केला होता. त्याचं हे उत्तर.

"न्हाईच म्हणले असतील, असं मायनं धरलं. भीतीनं कुणाला दाखवलं न्हाई. पुढं बा तुरुंगातच वारला, मग वाचून काय करायचं?"

कचेरीतल्या रेणुकादासांना उर्दू येत होतं. ते वाचता वाचता थांबले.

"आजी, परवानगी दिली होती. सोमवारी सकाळी मुलीला घेऊन या, कैद्याला कळवलं आहे, असं लिहिलंय."

शिवकन्याबाईंनी पत्र परत हातात घेतलं.

"म्हंजे त्या सोमवारी बा आमची वाट बघत बसला असंल."