तिच्या हातचं पाणी

"तुला कुठं खोटं बोलायला लावतोय मी? घडलं तेच सांगायचं," कोर्टाच्या व्हरांड्यात आप्पासाहेब म्हणाले. "माझे अशील तुझ्या हातचं पाणी प्याले की नाही? प्याले. बस्स, संपलं."

त्यांची ज्युनिअर वकील पंचशीला समोर पाहत होती. समोरच्या बाकावर सरजाबाई बसली होती. लातूरजवळच्या मुरुडकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतली बाई. तिचा उजवा हात वाकडाच जुळला होता. शिमग्याच्या आसपास ती गावच्या विहिरीवर पाण्याला गेली, तेव्हा ग्यानोबा आणि त्याच्या भावकीतल्या तिघांनी तिची घागर फोडली, हात मोडला, असा खटला होता. गावातले साक्षीदार केव्हाच फुटले होते. आणि त्या चौघांचे वकील कोण? आप्पासाहेब!

त्यांचा बचाव सोपा होता. विहीर संक्रांतीपासूनच कोरडी ठाक, मग तिथं पाण्यावरून भांडण होईलच कसं? बाई कुठं तरी पडली असेल. आणि राहिली शिवाशीव, तर ही माणसं ती पाळतच नाहीत. विचारा की माझ्या ज्युनिअरला.

हे पंचशीलेला कळलं आज सकाळी. त्या खटल्याचे कागद आप्पासाहेबांनी ऑफिसात कधी आणलेच नव्हते. "साक्ष झाली की पेंटरला बोलावतो. पाटीवर माझ्या खाली तुझं नाव," असंही ते सकाळीच म्हणाले. दोन वर्षं ती याच शब्दांची वाट पाहत होती.

लातूर जिल्हा झाला, कोर्टं वाढली, वकिलांच्या पाट्या वाढल्या. नांदेडहून वकिलीची परीक्षा पास होऊन आलेल्या पंचशीलेला मात्र कुणी टेबल देईना. कुणाला बाईमाणूस नको होतं. कुणी आडनाव विचारायचं आणि मग नेमकी जागाच नसायची. आप्पासाहेबांनी ठेवून घेतलं. भाषणात ते सांगायचे, "आमच्या ऑफिसात जात चपलेबरोबर बाहेर काढून ठेवावी लागते." लोक टाळ्या वाजवायचे. तीही वाजवायची. दोन वर्षांत कोर्टापुढं उभं राहून युक्तिवादाचं एक वाक्य बोलायला मिळालं नाही, तारखा मागण्यातच दिवस गेले, तरी तिचा विश्वास काही ढळला नाही. देवमाणूस वाटायचा तिला तो.

त्यात यंदाचा दुष्काळ. एरवी अशील वकिलाकडं हुरडा आणायचे, शेंगा आणायचे. यंदा पाणी आणू लागले. नळाला आठवड्यानं पाणी, तेही गढूळ, त्यामुळं ओलं फडकं गुंडाळलेला कॅन जीपमधून उतरला की आप्पासाहेबांची कळी खुलायची. भर उन्हाळ्यात ग्यानोबाही असाच कॅन घेऊन आला, बरोबर ते तिघं. जमिनीच्या वाटणीचं काम आहे, असं पंचशीलेला सांगितलं गेलं.

"गावाकडचं हाय, सायेब. लातूरच्या नळाला ही गोडी कुठं?" ग्यानोबा म्हणाला.

"पंचशीला, तूच दे बरं सगळ्यांना," आप्पासाहेबांनी हाक मारली.

तिनं कॅनमधून पेले भरले. चौघंही घटाघटा प्याले. ग्यानोबानं तर परत मागून घेतलं. घरी गेल्यावर आईला, धुरपताबाईला हे सांगताना पंचशीला रडली होती. "दिवस बदलले गं आई." आईनंही डोळ्याला पदर लावला. "लई मोठ्या मनाचा हाय तुझा सायेब."

कसलं मोठं मन आणि कसलं काय! केसानं गळा कापला होता तिचा. त्या दिवशी तिथं कुणी बदललं नव्हतं. तिथं साक्षीदार तयार होत होता. तिच्या आनंदाचा पुरावा केला होता त्यांनी.

पुकारा झाला. आत जाताना सरजाबाईनं तिचा पदर धरला. "तू आपलीच ना गं बाई?"

पंचशीलेनं पदर हलकेच सोडवून घेतला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली.

"या चौघांनी तुमच्या हातचं पाणी घेतलं?" आप्पासाहेबांचा आवाज मधाळ होता.

"हो. चौघांनीही."

"नाक मुरडलं कुणी?"

"नाही. ग्यानोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं."

सरजाबाईची मान खाली गेली. आप्पासाहेब मॅजिस्ट्रेटकडं वळून हसले. "मला आणखी काही विचारायचं नाही." सरकारी वकील जागचा हललाच नाही.

"उतरा खाली," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

पंचशीला उतरली नाही. "साहेब, खरं सांगायचं म्हणून मला इथं आणलंय. ते अर्धंच झालं."

"पंचशीला!" आप्पासाहेब ओरडले. आजवर तिच्यावर ते कधी ओरडले नव्हते. "पाटी विसरलीस का?"

"विसरले, सर."

"बोला," मॅजिस्ट्रेटनी लेखणी पुन्हा उचलली.

आप्पासाहेबांकडं तिनं पाहिलंच नाही. तिनं सरजाबाईच्या त्या वाकड्या हाताकडं पाहिलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःहून, कोर्टाला ऐकू जाईल असं बोलली.

"पेले भरताना मी ग्यानोबांना विचारलं होतं, एवढं नितळ पाणी कुठलं? ते म्हणाले, आजच सकाळी गावच्या विहिरीतून शेंदलं. ती विहीर संक्रांतीपासून कोरडी आहे म्हणतात ना, साहेब? तिचंच पाणी मी या चौघांना भर उन्हाळ्यात पाजलं."