टकटक

"भिमाबाई, खरं सांगा. दुसरं मशीन कुठं लपवलंय?"

मच्छिंद्रच्या हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा एक दांडा होता. खांद्याला अडकवलेल्या पेटीतून आवाज येत होता. टक. टक. टक. सेकंदाला एक. सूर्य बुडाला होता. येडगावच्या कालव्यापलीकडे दुर्बिणीची पांढरी जाळीदार छत्री आभाळाकडे तोंड करून उभी होती.

भिमाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"शोध की. तीन दगडांची चूल, दोन गोधड्या आन् शंभर मेंढरं. काय लपवू आन् कुठं?"

"सोमवारी तुमचं मशीन नेलं. आज गुरुवार. आवाज तसाच हाय. वरचे सायेब माझ्यावर खवळत्यात."

"तुझा बाप भगवंता आमच्यासंगं मेंढरं राखायचा. आन् त्याचं पोरगं आभाळ राखतंय! आभाळाला काय बिबट्या नेतोय व्हय रं?"

मच्छिंद्र हसला नाही. नोकरी दुर्बिणीवरची होती, आणि ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओच्या लहरी येतात. त्या इतक्या क्षीण, की जवळच्या एखाद्या मशीनच्या ठिणगीतही बुडून जातात. काही मेलेले तारे तर नेमाने अशीच टकटक करतात. म्हणून पहिल्या दिवशी वर सगळे खूश झाले होते. पण तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो. ही टकटक ताऱ्यांची वेळ पाळत नव्हती. दिवेलागणीला सुरू व्हायची, उजाडलं की थांबायची. म्हणजे ती जमिनीवरचीच होती.

आणि दिवेलागणीला शिवारात काय सुरू होतं? झटक्याचं मशीन. मेंढरं जाळीत कोंडली की भोवती तार ओढायची. बॅटरीवरचं मशीन त्या तारेत थांबून थांबून झटका सोडतं. बिबट्याचं नाक एकदा तारेला लागलं, की तो पुन्हा फिरकत नाही. मच्छिंद्रने ते मशीन सोडवून नेलं होतं. दोन दिवसांत आवाज न करणारं करून आणतो, असा शब्द दिला होता. मशीन अजून जीपच्या मागच्या सीटवरच पडून होतं.

"मंगळवारी कुत्रं गेलं," भिमाबाई म्हणाली. "भुंकलं न्हाई, केकाटलं न्हाई. सकाळी निस्ता पट्टा घावला."

तिने खुंटाकडे बोट केलं. लोखंडी काट्यांचा पट्टा तिथे लटकत होता. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून घातलेला.

"गेल्या महिन्यात वनखात्याचा माणूस आलता. म्हणला, पिंजऱ्यात घावलेल्या बिबट्यालाबी पट्टा बांधून सोडलाय, भिऊ नगा. म्हणलं, पट्टा बांधल्यावर तो काय भाकरी खानार हाय?"

मच्छिंद्रने अर्धं ऐकलं, अर्धं नाही. त्याचं लक्ष पेटीच्या काट्यावर होतं. दांडा चुलीकडे धरला, टकटक बारीक झाली. गोधड्यांकडे धरला, तरी बारीकच. उसाकडे वळवला आणि पेटी खणखणू लागली.

त्याला हायसं वाटलं. "सापडलं! रखमाजीच्या उसात हाय. डुकरांसाठी लावलंय त्यानं, सांगतो तुम्हाला."

"त्याच उसातनं तर आलास की मघा. दिसलं का काय?"

जीप पलीकडे कालव्याच्या रस्त्याला लावून, उसातल्या पायवाटेनेच तो आला होता. काही दिसलं नव्हतं. तो उसाच्या दिशेने निघाला. दहा पावलांवर त्याने पेटीचा आवाज कमी केला. वीस पावलांवर पार शेवटच्या खुणेपर्यंत आणला. तरी टकटक छातीत वाजत होती.

मग ती एकाएकी बारीक झाली. त्याने दांडा जरा डावीकडे नेला. आली. पुन्हा बारीक झाली. आणखी डावीकडे नेला. पुन्हा आली. दुर्बिणीची छत्री ताऱ्याच्या मागे अशीच हळूहळू वळते. त्याचा हात आपोआप वळत राहिला.

आणि थांबला. खांबाला बांधलेलं मशीन जागा सोडत नाही.

मच्छिंद्रने मागे पाहिलं. जाळीतली शंभर मेंढरं उठून उभी होती. रवंथ थांबलं होतं. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती, त्याचा दांडा जिकडे होता तिकडेच. त्या कोपऱ्यावर, जाळीच्या बाहेर, भिमाबाईची चार वर्षांची नात इंद्रायणी एका कोकराला पाला चारत बसली होती.

भिमाबाईने चुलीतलं पेटतं लाकूड उचललं. आवाज मात्र चढवला नाही.

"इंद्रायणी, कोकरू सोड. पळू नगं. माझ्याकडं बघत बघत ये, बाय."

पोर उठली. एक पाऊल. टक. दुसरं पाऊल. टक. आजीच्या लुगड्याला पोरीचा हात लागला, तेव्हा कोकरू एकटंच ओरडलं आणि गप्प झालं.

भिमाबाईने मच्छिंद्रच्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मच्छिंद्रा, तो वनखात्याचा मानूसबी असाच दांडा घिऊन फिरत व्हता. बिबट्याच्या पट्ट्याचा आवाज ऐकायला."

मच्छिंद्रने उसाकडे पाहिलं.

"आमचं मशीन कुठं हाय?"

"जीपमधी."

जीप उसाच्या पलीकडे होती. टकटक मध्ये होती.