लेकीच्या खोलीतला स्टुडिओ

सुनेनं कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. सरळ नणंदेच्या खोलीतला पलंग बाहेर काढला.

"माणूस परदेशी गेलं म्हणजे घरातून उठलं की काय?" सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "उद्या मी चार दिवस भाचीकडे गेले, तर माझी खाटही विकशील."

"अहो आई, विकला नाही, माळ्यावर ठेवलाय." सून सुताराच्या हातात स्क्रू देत होती. "नाटकाचे दौरे आता जमत नाहीत मला. इथेच उभं राहून काम करीन, इथेच शूटिंग करीन."

"आणि ती आली की झोपेल कुठे? तुझ्या कॅमेऱ्यावर?"

सुतार हसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हसू तोंडातच राहिलं त्याच्या.

मुलगा हसला नाही. "येईल तेव्हा बघू," म्हणाला आणि बाहेर निघून गेला. बहिणीच्या ऑपरेशनला जाऊन आल्यापासून तो असाच तुटक बोलायचा. ऑपरेशन चांगलं झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी प्रवास तेवढा नको म्हणून सांगितलं होतं.

आठवडाभर नुसती ठोकाठोक. खिडकीला आतून फळी बसली. भिंतींवर फोम, फोमवर जुन्या रजया, त्यावर काळा पडदा. दाराच्या फटीला रबराची पट्टी. कोपऱ्यात वीतभर उंचीचा लाकडी मंच, समोर तीन पायांवर कॅमेरा, वर दोन दिवे. घरातली चांगली उजेडाची खोली, पार डबीसारखी झाली.

"एवढं कोंडून कशाला घ्यायचं?"

"शेजारचं कुत्रं भुंकलं की सगळं वाया जातं, आई."

"त्याला कळत असेल तुझं काम."

सून पट्टीवर खिळा ठोकत राहिली.

रविवारी लेकीचा फोन आला. नुसता आवाज. दुखण्यानं तोंड उतरलंय, दाखवणार नाही, म्हणायची. आवाजही बसलेलाच होता. सासूबाईंनी सगळं गाऱ्हाणं तिच्यापुढे ओतलं.

"गिळली बघ तुझी खोली. तू काहीच म्हणत नाहीस?"

"जाऊ दे ना आई. करू दे तिला. तू गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"घेते."

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर. काय गं, मागे तुझ्या फोनमध्ये कुत्रं भुंकायचं. हल्ली ऐकू येत नाही."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. मग, "घर बदललं, आई."

"बरं केलंस. झोप तरी लागत असेल."

शेजारीण सासूबाईंबरोबर भाजी निवडत बसली होती. पूर्वी मायलेकींचा फोन म्हणजे तिला फुकटची करमणूक. दोघींतली एक तरी फोन आपटल्याशिवाय राहायची नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकीनंच आपटला होता.

"लेक फारच निवळली हो तुमची," शेजारीण म्हणाली.

"आजारपणानं निवळतात माणसं," सासूबाई म्हणाल्या आणि अर्धी भाजी तशीच टाकून आत गेल्या.

असे बरेच रविवार गेले. सून त्या खोलीत जायची, दाराबाहेरचा लाल दिवा लागायचा, आणि तो लागला की आत कुणी जायचं नाही असा घरात नियम झाला. सासूबाई त्या दाराकडे बघतही नसत. लेकीशी बोलायचं तर अंगणाकडच्या खुर्चीत जाऊन बसत.

मग एका रविवारी फोन ठेवला, आणि त्या भिंतीला हात लावत लावत लाल दिव्यापर्यंत आल्या. दार ढकललं. पहिल्यांदाच.

सून मंचावर बसली होती. कॅमेऱ्यावर कापड टाकलेलं. मांडीत फोन. ती ओढणीनं डोळे पुसत होती. सासूबाईंना बघून धडपडत उठली.

"अहो आई... तालीम चालली होती."

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. गुडघे धरत मंचाच्या कडेवर बसल्या आणि सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं.

"आवाज छान जमलाय तुला," त्या म्हणाल्या. "पण मेली म्हणून तिला इतकी गोड करू नकोस. तोंडाळ होती माझी लेक. पुढच्या रविवारी नीट भांड माझ्याशी."