बिनसाखरेचा कॅप्टन

कॅप्टन चहात साखर घेत नाही हे कळल्यापासून गुलाबरावांनीही साखर सोडली होती. उभी नोकरी लोखंडाच्या रोलिंग मिलच्या धगीत काढलेला, तीन चमचे साखर लागणारा हा माणूस आता तोंड वाकडं करून कडू घोट घेत होता.

"काहून जिवाले त्रास देऊन राहिले?" त्यांची बायको शांता हसली. "तो कादंबरीतला मानूस हाय."

"मले काय मालूम नाही का?"

मालूम होतं, म्हणून तर जास्त लाज वाटत होती. जिवंत माणूस असता तर गुढ़ियारीच्या चौकात गाठून दोन शब्द ऐकवता आले असते. कागदावरच्या माणसाचं काय वाकडं करणार?

शांता शाळेतून रिटायर झाली आणि बूढ़ापाऱ्यातल्या तळ्याकाठच्या वाचनालयात जाऊ लागली. तिथे देवश्री मॅडम जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवत, त्याही पार उलट्या बाजूने. पुढे नायक-नायिका रुसतफुगत असले तरी आपण मागे बघायचं. कुठली गिरणी धूर सोडते, बंदरात कुणाचं आरमार लागलंय, घर कुणाच्या कमाईवर चाललंय. घरी आल्यावर शांता जेवताना गोष्ट सांगायची. गिरण्यांपर्यंत सगळं ठीक होतं. मग गोष्टीत कॅप्टन आला आणि गुलाबरावांच्या पोटात दुखायला लागलं.

कॅप्टन ताठ चालतो. शर्टाला स्वतः इस्त्री करतो. बाई बोलायला लागली की मधे बोलत नाही. हे सांगताना शांताच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते लग्नाच्या फोटोतही नव्हतं.

गुलाबरावांनी पांढरा शर्ट शिवून घेतला. तो घालून ताठ बसले. शांतानं वरणाचं पातेलं पुढे सरकवलं आणि कॅप्टनचंच पुढे सुरू केलं. जहाजावरची नोकरी सुटली तरी त्याला पाणी दिसल्याशिवाय करमत नाही, म्हणून रोज तळ्याकाठी बसून माशांना मुरमुरे टाकतो.

"विलायतेत मुरमुरे?"

"तसंच काईतरी लिवलं हाय."

एकदा ती न्हाणीघरात असताना त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. वरच्या चित्रात उंच चिमणी आणि काळा धूर होता.

"जहाज कुठं हाय याच्यात?" ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"मांगं हाय. धुरात दिसत नाही."

गुलाबराव स्वतःवरच चिडले. या वयात पुस्तकातल्या माणसावर जळायचं म्हणजे हद्द झाली. त्यांनी मनाशी ठरवलं, आता पुरे.

म्हणून त्या संध्याकाळी शांतानं विचारलं, तेव्हा ते अगदी मोठ्या मनाने ऐकत होते.

"कॅप्टन म्हनते, चाल माह्यासंग, आपन समुद्राकाठी राहू. बाई नवऱ्यापायी अडकून बसली. तुमाले काय वाटते?"

"तिचा नवरा कसा हाय?"

"वाईट नाही. गिरनीतला हाय. पन तिच्या मनात काय हाय, हे त्यानं कधी इचारलंच नाही."

"मंग जाऊ दे तिले," गुलाबराव म्हणाले. "काहून अडकून राहावं?"

शांतानं त्यांच्याकडे वळून विचारलं, "पक्कं?"

"हव."

सकाळी त्यांनी तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. नागपूरला बहिणीकडे चार दिवस जायचं होतं. चार दिवसांना दोन बॅगा कशाला, म्हणून त्यांनी तिला चिडवलंही. गेटपाशी शांतानं बॅगा त्यांच्या हातातून घेतल्या.

"आत गर्दी हाय, तुमी जा. आन् आता साखर घेत जा चहात."

गुलाबरावांनी स्टेशनबाहेरच तीन चमचे साखर घालून चहा घेतला. किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं. शेवट तेवढा ऐकायचा राहिला होता. चार दिवस कोण थांबतंय, म्हणून वाचनालय उघडताच ते देवश्री मॅडमपुढे जाऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या कॅप्टनचं शेवटी काय होते? बाई जाते का त्याच्यासंग?"

"कोणता कॅप्टन, काकाजी?" मॅडमनी टेबलावरचं तेच चिमणीच्या चित्राचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "या वर्षी आपण ही एकच कादंबरी घेतली. सगळी गिरणीची गोष्ट आहे ही. हिच्यात ना जहाज, ना कॅप्टन."