दार कापण्याआधी

"दारातून या," ताईने भावजयीला खडसावलं. भावजय भिंतीच्या लाकडी सांगाड्याच्या दोन दांड्यांमधून अंग चोरून आत शिरत होती, ती कमरेशी अडकली होती.

"अहो वन्सं, भिंतच नाही अजून. दार कसलं?"

"दाराला जागा सोडलीय ना? मग तिथून या. चोरासारखं काय ते."

भावाच्या नव्या घरात सगळीकडे सांगाड्यांवर जिप्समचे बोर्ड चढून भिंती झाल्या होत्या. ताईच्या खोलीची हॉलकडची बाजू तेवढी उरली होती, नुसत्या लाकडी बरगड्यांची, आरपार. ताई लहानपणी जिन्याखाली झोपली, सासरी स्वयंपाकघरात, आणि परत आली ती भावाच्या जुन्या घरी, हॉलमध्ये. सकाळपासून ती या खोलीतून हलली नव्हती. पलंग अजून दुकानात होता, पण हिने तो दहादा इकडचा तिकडे करून झाला होता.

मिस्त्रीने बोर्ड उचलला तोच भाऊ म्हणाला, "ही भिंत राहू दे. हॉल मोकळा दिसेल. ताईचं काय, ती कुठंही पडते."

ताई दांड्यांपलीकडेच उभी होती.

"कुठंही पडायला मी काय तुझी चप्पल आहे?"

मिस्त्रीने बोर्ड खाली टेकवला. भावजयीने कंबर सोडवली, बाहेर आली आणि बोर्डाचं दुसरं टोक धरलं. नवऱ्याला म्हणाली, "हात लावा. हॉलमध्ये काय घोडे फिरवायचेत तुम्हाला?"

दोन बायका एका बाजूला झाल्यावर पुरुषाचं काय चालतं. भावाने हात लावला.

मिस्त्री दारापुरता बोर्ड आधी कापत नसे. आख्खी भिंत झाकायची आणि नंतर करवतीने दार कापून काढायचं, म्हणजे सांधा येत नाही, तडा जात नाही, ही त्याची रीत. ड्रिल गरगरायला लागलं. स्क्रू दांड्यात बसला की नाही ते आतून ताई सांगत होती.

"हुकला. टोक इकडे निघालं बघ. डावीकडे घे. अजून जरा. हां, बसला. दाब ना रे नीट, जेवला नाहीस का?"

आणि भाऊ दाबत होता, खांदा लावून, घाम गाळून. त्यालाही चेव चढला. वरचा बोर्ड बसला, खालचा बसला, दाराची जागासुद्धा झाकली गेली. शेवटचा स्क्रू आत गेला आणि तिघं मागे सरून बघायला लागली. सरळ, पांढरी, ताठ भिंत.

मग भावाचा चेहरा उतरला. "अरे, ताई आतच राहिली."

मिस्त्री हसून करवत शोधायला वाकला. भावाने बोर्डावर टकटक केली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"कोण म्हणजे? मी. घाबरू नकोस, आत्ता कापतो."

"थांब जरा," ताई म्हणाली. "मी आत आहे."