दुसऱ्या डिस्कला हात लावायचा नाही

“दुसऱ्या डिस्कला हात लावायचा नाही. मी आल्यावर बघतो,” सर्वज्ञ फोनवर गुरगुरला आणि बायकोचं बोलणं अर्धवट तोडून त्यानं फोन ठेवला.

सर्वज्ञ हे बायकोनंच त्याला मनातल्या मनात ठेवलेलं नाव. महिन्यातले निम्मे दिवस तो कंपनीच्या दुसऱ्या शाखेत असायचा. उरलेले निम्मे घरात अक्कल पाजळायचा.

टीव्हीखालच्या कपाटात त्याची काळी पेटी होती. आत दोन डिस्क. “एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी शाबूत! तुम्हाला काय कळणार म्हणा,” हे येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. याच तोऱ्यात त्यानं घरातले अल्बम रद्दीत घातले, बायकोच्या फोनमधले फोटोही पुसायला लावले. आता एकुलत्या एक लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, तिचं सगळं लहानपण त्या पेटीत, आणि पेटीवर लाल दिवा.

बाईंनी सरळ दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

“पहिली कामातून गेली, काकू,” पेटीला कान लावून तो म्हणाला. “खरखर ऐका.”

“मग दुसरीवर असेल ना सगळं?”

“जोडी नीट लावली असेल तर असणार. तरी एक प्रत बाहेर ठेवावीच. चुकून पुसलं तर दोन्हींवरून जातं.”

“हे आमच्या साहेबांना सांगून बघा. खाऊ की गिळू करतील!”

दुसऱ्या डिस्कनं पासवर्ड मागितला.

“त्यांचंच नाव आणि त्यांचीच जन्मतारीख घाला,” बाई म्हणाल्या. “स्वतःपलीकडे काही सुचायचं नाही त्यांना.”

डिस्क उघडली. बाईंना हसू आवरेना. घरात कुणाला ओ की ठो कळत नाही म्हणणारा हाच तो शहाणा!

दुरुस्तीवाल्यानं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. “काकू, ही जोडी नव्हतीच कधी. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या लावल्यात.”

“म्हणजे नुसत्याच फुशारक्या! मेल्यानं माझ्या लेकीचं सगळं घालवलं.” बाईंचे डोळे भरून आले.

“थांबा, थांबा. इथंही आहे की! वाढदिवस, सहली, शाळेतलं संमेलन... वर्षावर्षाचं नीट लावून ठेवलंय.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. कितीतरी वर्षांनी त्यांना नवऱ्याबद्दल जरा बरं वाटलं. “वाढदिवस लावा,” खुर्ची पुढे ओढत त्या म्हणाल्या.

पडद्यावर फुगे आले, केक आला, आणि मेणबत्त्या फुंकणारी, दोन वेण्यांची, त्यांनी कधीच न पाहिलेली एक मुलगी.

“बाबा, आता फोन आईकडे द्या ना!” ती ओरडली, आणि सर्वज्ञ हसत हसत तिच्याशेजारी येऊन बसला.