ठमीची समजूत

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि कंपाउंडरकाकांनी दुसऱ्यांदा सांगितलं, काही नाही.

ठमी टेबलावर आडवी पडली होती. एरवी जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवरच चारही पाय रोवून बसणारी ही कुत्री. आज काकांनी उचलून आणली तरी हूं की चूं नाही. तासाभरापूर्वी ती स्वयंपाकघरात झोकांड्या खात भिंतीवर आपटली होती, दोनदा ओकली होती. 

काका खोटं बोलत नव्हते बरं का. चाळीस वर्षं माणसांच्या दवाखान्यात खिडकीमागे बसून पुड्या बांधलेला माणूस. पोराच्या वजनावर डोस काढायचा आणि बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचायची, हा त्यांचा जन्माचा नेम. कुत्र्याला कांदा देऊ नका, चॉकलेट देऊ नका, द्राक्षं तर मुळीच नकोत, हे ते शेजारच्यांना कोणी न विचारता ऐकवायचे. त्यांच्या हातून ठमीच्या पोटात भलतंसलतं जाईल? नाव नको.

"काही गोड वगैरे?"

छे, काका म्हणाले. त्यांना स्वतःला मधुमेह. घरात साखरेचा कण येत नाही. लेक परदेशातून बिनसाखरेच्या गोळ्या पाठवते, पेपरमिंटच्या, त्या तेवढ्या.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "किती दिल्यात?"

आता काकांना सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. या महिन्यात लेक स्वतः यायची होती. पंधरा दिवस काका ठमीला सांगत होते, ताई येणार, शहाण्यासारखं वागायचं, अंगावर उड्या मारायच्या नाहीत. गादीला ऊन दाखवून झालं. ठमीला दोनदा आंघोळ घालून झाली. आणि आज सकाळी आला तो डबा. यावेळी नव्याच गोळ्या होत्या, वर चिठ्ठी: बाबा, रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षी नक्की.

काकांना स्वतःला काही वाटलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सवय होते माणसाला. पण या मुक्या जिवाला आपण पंधरा दिवस आशा लावली, आता तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून ते गुडघे धरत धरत तिच्या शेजारी फरशीवर बसले, ताई येत नाहीये म्हणाले, आणि समजूत काढायला एक गोळी दिली. तिनं कडाकडा चावून खाल्ली आणि दाराकडे बघितलं. मग आणखी एक. ती अकरा किलोची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण डब्यावर साखर नाही असं लिहिलेलं वाचल्यावर वजनाचा हिशेब करायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"सहा," काका म्हणाले. "साखर नाही हो त्यांत. मी वाचलं होतं."

"साखर नाही. पण साखरेऐवजी जे घालतात ना काका, ते माणसाला चालतं. कुत्र्याला विष." असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते, यकृतही जाऊ शकतं, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. सांगता सांगताच सुईनं थेंब काढला आणि मशीनवरचा आकडा त्यांना दाखवला. चौतीस. निदान सत्तर तरी हवा होता.

साखर चढू नये म्हणून काकांनी उभं आयुष्य चहा फिका प्यायला होता. आज ते साखरेच्या पाण्याच्या बाटलीखाली उभे राहून एकेक थेंब पडताना बघत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, चढ गं बाई, चढ. त्यांना रडू येत होतं. नळी डॉक्टरीणबाईंनी आधीच नीट चिकटवली होती, तरी ते ती उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

दीड तासानं आकडा सत्तरवर आला. ठमीनं मान उचलली, काकांचा अंगठा चाटला आणि पुन्हा डोकं टेकलं. जीव सावरलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण यकृताचं दोन दिवसांशिवाय कळणार नाही, तोवर इथंच ठेवावी लागेल. काकांनी विचारलं, मी बसू का इथं, कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाही. बसायला खरंच जागा नव्हती. घरी जा, काहीतरी खाऊन घ्या, घरचे वाट बघत असतील, असं त्या मायेनं म्हणाल्या. काकांनी मान डोलावली.

ते दारापर्यंत आले तेव्हा खिशातला फोन वाजला. लेक होती. तिकडे जेवणाची सुट्टी झाली असणार, मागे ताटल्यांचा आवाज येत होता. डबा मिळाला का, तिनं विचारलं. चिठ्ठी वाचली का. रागावलात का. काका म्हणाले, अगं रागवायचं काय त्यात, रजा का आपल्या हातात असते?

"गोळ्या आवडल्या?"

काकांनी मागे वळून बघितलं. टेबलावर ठमीचं पोट हळूहळू वरखाली होत होतं.

"चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पण आता नको पाठवूस."

"मग काय पाठवू, बाबा? सांगा ना. तुम्ही कधी काही सांगतच नाही."

ती थांबली होती. खरंच थांबली होती. ताटल्यांचा आवाजही लांब गेला होता, बहुतेक ती फोन घेऊन बाहेर आली असावी. काकांनी तोंड उघडलं.

"काही नको गं," ते म्हणाले. "इथं सगळं मिळतं."